प्रवासात फुटलेलं रक्त

त्यांचं आडनाव शंके नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण अर्धी अमरावती अजूनही तसंच समजते. एकदा अंजनगावचे एक म्हातारबुवा रिपोर्ट न्यायला आले आणि मला म्हणाले, "शंके सरांले बाहेर बोलवा बरं. आमच्या साळ्याच्या गावात बी शंके हायेत. सोयरिक निघते काय पाहू." आतून आवाज आला, "कोन म्हनते सोयरिक हाय म्हून?" म्हातारबुवांची सोयरिक जुळायच्या आत मोडली.

राजकमल चौकापासून जवळच, बॅटऱ्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आमची लॅब होती. रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर म्हणजे मॅडम, लॅबही त्यांचीच. रक्त पाहणारे म्हणजे सर. आणि रक्त काढणारा, नळ्यांवर चिठ्ठ्या डकवणारा, शिक्के मारणारा आणि दोघांच्या शिव्या खाणारा म्हणजे मी. नऊ वर्षं खाल्ल्या. अंगी लागल्या.

सर डॉक्टर नव्हते, जुन्या काळचे टेक्निशियन होते. पण मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे तेव्हा खालून मिरवणूक गेली तरी मान वर होत नसे. एकाच डोळ्यानं पाहून पाहून त्यांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा मोठा झाला होता. मी स्वतः मोजला आहे. तुमचा विश्वास बसत नसेल तर चांगलंच आहे. सरांचं तुमच्याशी जमलं असतं.

दोन शब्दांवर त्यांचा प्रपंच चालायचा. चहा गरम आहे सर. "कोन म्हनते?" आज सोमवार आहे सर. "कोन म्हनते?" आपला वाढदिवस त्यांनी जन्मात कधी केला नाही. "जन्मलो तवा मी काय शुद्धीवर होतो? लोकं सांगतेत, आपन ऐकतो." अंबादेवीला गेले की एक चप्पल अंबादेवीच्या दारात काढत आणि दुसरी शेजारच्या एकवीरेच्या. चोराला जोडी हवी असेल तर दोन्ही देवींसमोर जावं लागेल. "दोन दर्शनं घेऊन बी ज्याची नियत पालटत नाई, त्याले चप्पल नेऊ दे. त्याले गरज असन."

एवढे संशयी कसे झाले, म्हणून मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी मला तीन दिवसांत तीन वेगवेगळी कारणं सांगितली आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "तिन्हीवर भरोसा ठेवू नोको."

त्यांच्यावर कोणी संशय घेतल्याचं मात्र मी एकदाच पाहिलं. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा आणि वर जांभळा रंग ओतायचा, हे काम सर कुणाच्या हातात देत नसत. त्यामुळे त्यांची बोटं कायम जांभळी. निवडणुकीच्या दिवशी ते मतदानाला गेले तर तिथल्या बाईंनी हात पाहिला आणि कागद मागे घेतला. "काका, तुमचं मतदान झालेलं दिसतं." मागच्या रांगेला वाटलं, आता इथे महाभारत होणार. सरांचा चेहरा असा उजळला की खोलीतला दिवा बंद केला असता तरी चाललं असतं. "शाब्बास पोरी," ते म्हणाले, "पुऱ्या जिल्ह्यात येक तरी मानूस डोळे उघडे ठेवून काम करून राह्यला." मग पाऊण तास उभं राहून त्यांनी त्या बाईंना रंगाची सगळी कृती समजावून दिली. मागचे लोक तेवढ्यात घरी जाऊन जेवून परत आले.

आणि मशीन. लॅबमध्ये रक्त मोजायचं नवं मशीन आलं. कंपनीचा पोरगा टाय लावून सांगत होता, नळी लावा, बटण दाबा, मिनिटात सगळे आकडे. सरांनी स्वतःचं रक्त काढलं, पाच नळ्यांत भरलं, पाच खोटी नावं टाकली, त्यातलं एक बाईचं, आणि लावलं. मशीननं पाच जणांचे पाच निरनिराळे रिपोर्ट दिले. फरक म्हणाल तर मिठाच्या खड्याएवढा. पोरगा म्हणाला, एवढा फरक चालतो सर. "चालत असन," सर म्हणाले, "मी येकटाच हावो पन." त्या दिवसापासून त्यांनी मशीनशी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालंच तर माझ्या मार्फत. "त्याले म्हना, काच पाह्यल्याबिगर मी त्याचं ऐकत नसतो."

आता तो शिक्का.

मेळघाटात, धारणीला आमच्या लॅबचं रक्त गोळा करायचं केंद्र होतं. रोज दुपारी जीपनं थर्मोकोलचा डबा यायचा. धारणी ते परतवाडा हा रस्ता ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू? त्या रस्त्यानं नारळ नेला तर खोबरं आणि पाणी वेगवेगळ्या वेळी पोचतं. डब्यातल्या काही नळ्यांत रक्त घुसळून लाल पाणी झालेलं असायचं. म्हणून मॅडमनी एक रबरी शिक्का करून घेतला होता: "नमुना प्रवासात खराब". रिपोर्टमध्ये काही वेडंवाकडं दिसलं आणि नळी मेळघाटची असली, की मी शिक्का मारायचो. पुढे पुढे तर नळी पाहायचीही गरज उरली नाही. धारणी वाचलं की धप्प.

सरांचा त्या शिक्क्यावर राग होता. "रस्त्याले तोंड नाई म्हून त्याच्यावर सगळं ढकलून राह्यले. येक दिस हा रस्ता उठून कोर्टात जाईन तुमच्यावर."

माझे मामा धारणीच्या शाळेत मास्तर. मामींना पित्ताच्या पिशवीचा कॅन्सर निघाला. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि मग औषधाची सलाइनं सुरू झाली. एकूण आठ घ्यायची होती. मामा मास्तर असल्यामुळे त्यांनी त्याचा परीक्षेसारखा तक्ता करून भिंतीवर लावला. एक सलाइन झालं की एक पेपर सुटला. मामीही तसंच बोलायच्या. "सहा पेपर देल्ले बाबू, दोन राह्यले. मंग मी पास." त्या दोन पेपरांवर त्या दोघांचा जीव टांगलेला होता. कुणी "पुढचं सलाइन थोडं लांबवू" असं नुसतं म्हटलं, तरी मामा त्या माणसाकडे नापास केलेल्या पोरासारखे पाहायचे.

सहाव्यानंतर मामी मलूल झाल्या. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, कधी नव्हे तो बीपी वर गेला. आणि पेशी कमी झाल्या. आमच्याकडे नुसतं "पेशी" म्हटलं की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट समजायच्या, आणि पेशी कमी झाल्या म्हटलं की सगळं गाव डॉक्टर होतं. कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कुणी बकरीचं दूध, कुणी डाळिंब. मामांनी धारणीतली पपईची झाडं अशी बोडकी केली की माकडांनी मोर्चा काढला म्हणतात. शिवाय शाळेतल्या पाच शिक्षकांना त्यांनी तयार केलं होतं. गुरुवारी जीप करून अकोल्याला जायचं, पेशी द्यायच्या, त्या मामींना चढवायच्या आणि सातवं सलाइन लावून घ्यायचं.

सोमवारी मामींची नळी आमच्याकडे आली. मशीननं आकडे काढले, खाली बारीक अक्षरात फुटक्या लाल पेशींची सूचना दिली. मी रिपोर्टवरचं नाव वाचलं. मामींचं आहे हे पाहिलं. गावाचं नाव पाहिलं. आणि धप्प. मॅडमची सही झाली, मोबाइलवर फोटो काढून मामांना पाठवला, मामांनी अकोल्याच्या डॉक्टरांना पाठवला. वर "काळजी नको" असंही मी लिहिलं होतं. स्वतःहून.

अर्ध्या तासानं आतून हाक आली. "इकडं ये बे. डोया लाव."

मी डोळा लावला. लाल पेशी असतात गोल, सपाट, मधे फिकट, आपल्या भाकरीसारख्या. इथे मधे मधे कुणाचा अर्धाच भाग होता, कुणाला दोन शिंगं, कुणी टोपी घातल्यासारखी.

"काय दिसते?"

"हेल्मेट, सर." पुस्तकात त्या पेशीला तेच नाव आहे.

"अमरावतीत हेल्मेट पाह्यचं असन तर इथीच पाहा लागते," सर म्हणाले. "रस्त्यावर तं येकाच्याई डोक्यावर नाई. कोनाचं रक्त हाय?"

"माझ्या मामींचं. पण सर, धारणीचा माल आहे. रस्त्यानं फुटल्या."

"कोन म्हनते?"

"शिक्का..." मी म्हणालो आणि थांबलो.

"त्याच डब्यात किती नळ्या होत्या?"

"अकरा."

"आन मंग साऱ्यायच्या काचा."

मी अकराही नळ्यांचे थेंब पसरले, वाळवले, त्यांनी रंगवले. दहा जणांच्या लाल पेशी धड होत्या. त्यातल्या दोन नळ्यांत तर रक्ताचं पाणी झालं होतं, तरी ज्या पेशी वाचल्या होत्या त्या गोलच्या गोल. टोप्या, शिंगं, तुकडे फक्त मामींच्या काचेवर.

"रस्त्याचं काय तुह्या मामीसंगच वैर हाय?" सरांनी विचारलं. मग त्यांनी एक काच पुन्हा लावली आणि प्लेटलेट स्वतः मोजल्या. मशीननं सांगितल्या होत्या त्याहूनही कमी. "हे पाह्य. फुटक्या लाल पेशीचे बारके तुकडे, ते बी यानं पेशी म्हून मोजले. मी म्हनत होतो नं?" मशीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पण याचा अर्थ काय, सर?"

"तारेच्या कुंपनातून म्हैस घुसली त तिचं कातडं फाटते काय नाई? तसं. बारीक बारीक नसायत गुठळ्यायचं जाळं झालं असन. पेशी तिथी अडकून पडल्या. लाल पेशी त्याच्यातून घुसतेत आन कापल्या जातेत. पेशी कमी नाई झाल्या तुह्या मामीच्या. खपून राह्यल्या. जाळं कोन्या अंगी हाय?" ते स्वतःशीच बोलत होते. "पाय सुजले म्हंते. बीपी वाढला म्हंते. गुर्दे. आन हे कॅन्सरानं बी होते, आन त्याच्या औषधानं बी होते. औषधानं होत असन, आन गुरुवारी तेच पुन्हा चढवलं..."

मी रिपोर्ट उचलला आणि आम्ही दोघं मॅडमकडे गेलो.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, किमोनं पेशी कमी होतातच. आणि किमोच्या पेशंटचं रक्त नाजूक. बाकीच्यांचं रस्त्यानं फुटलं नाही, हिचं फुटलं असेल. एका काचेवर मी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगू का की औषध थांबवा म्हणून?"

सरांना राग येईल असं मला वाटलं. पण ते खूश झाले. मॅडमची शंका रास्त होती ना! "बराबर," ते म्हणाले. "मंग रस्ताच काढून टाकू."

म्हणजे काय, ते मला मंगळवारी सकाळी एसटी स्टँडवर कळलं. मी धारणीला जायचं. मामींच्या बोटाला टोचायचं, अंगणातच काचेवर थेंब पसरायचा, तिथेच वाळवायचा. वाळलेलं रक्त काचेला चिकटून बसतं. मग त्याला रस्ता काय, हत्तीही फोडू शकत नाही. शिवाय सरांनी स्वतःचं रक्त काढून एक नळी माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "माहं रक्त धारणीले जाऊन येईन. रस्ता फोडते काय ते पाह्यतो. आन मामीले इचारजो, लघवी किती होते."

"सर, मामीला?"

"मंग काय कंडक्टरले?"

त्या दिवशी त्या गाडीत मी, सरांचं रक्त आणि सत्तर माणसं होतो. सेमाडोहच्या वळणांवर माझा उजवा कान डाव्या बाजूला आला. हरिसालला खाली उतरून पाहिलं तर माझ्या चपलेत दुसऱ्याचा पाय. मी छातीवर हात दाबून नळी सांभाळत होतो. शेजारची म्हातारी म्हणाली, "छाती दुखते काय रे बापू?" मी म्हटलं, "साहेबाचं रक्त हाय." ती उठून मागच्या सीटवर गेली.

मामा अंगणातच होते. काच आणि सुई पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. "काल रिपोर्ट देला तुमीच. काळजी नको लिवलं तुवाच. आज पुन्हा काहून? त्या तुह्या शंके सराच्या शंकेपायी मी औषध बंद करू? दोन पेपर राह्यले फक्त! सहा पेपर देऊन सातव्याले गैरहजर?"

"मामा, औषध बंद करा असं मी म्हणतच नाही. एक थेंब द्या."

"येवढ्या दुरून येका थेंबासाठी आला होय रे?" मामी खाटेवरून म्हणाल्या. चेहरा सुजला होता, पण हसल्या. "घे. आमच्याकडं तेवढंच उरलं हाय." बोट पुढे केलं. मी टोचलं, तीन काचा केल्या, हवेत हलवून वाळवल्या. मामा चहा सांगायला आत गेले तसा मी घसा खाकरला. जमिनीकडे पाहत विचारलं.

मामींनी दाराकडे पाहिलं. मग पदर सावरून हळूच म्हणाल्या, "दिसातून येकदा जातो मी. थे बी उलशीक. चार-पाच दिस झाले."

"मामांना सांगितलं?"

"हे काय मास्तरले सांगाची गोष्ट हाय? उगीच सलाइन थांबवतीन."

बुधवारी सकाळी लॅब उघडायच्या आत आम्ही तिघं मायक्रोस्कोपभोवती होतो. आधी सरांचं रक्त. धारणीला जाऊन आलेली प्रत्येक पेशी गोल, टवटवीत, सहलीला जाऊन आल्यासारखी. फुटलो होतो तो मी. मग मामींच्या अंगणातली काच. हेल्मेट, शिंगं, तुकडे. मॅडमनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, दुसरी काच मागितली. मग त्यांनी सोमवारच्या रिपोर्टची आमची प्रत घेतली, शिक्क्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या, खाली नवा शेरा लिहिला आणि सही केली. "फोन करते मी अकोल्याला."

फोन लागला नाही. डॉक्टर ओपीडीत. सर म्हणाले, "फोनवर त्याले काय समजन, कोन बोलते आन कोन्या रक्ताबद्दल बोलते? फोटोचं बी तेच. मी जातो." नऊ वर्षांत मी त्यांना जवळची मोर्शी सोडून कुठे गेलेलं पाहिलं नव्हतं, आणि मोर्शीवरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. त्यांनी काचा रुमालात गुंडाळल्या, रुमाल स्टीलच्या डब्यात ठेवला, डबा पोटाशी धरला आणि आम्ही अकोल्याची गाडी पकडली.

दवाखान्यात खिडकीवरची बाई पेशंटशिवाय आत सोडेना. सरांनी स्वतःच्या नावानं नंबर काढला. चाळीसावा. दोन तास बसलो. आत गेलो तर डॉक्टर तरुण, डोळे लाल, समोर फायलींचा ढीग.

"काय त्रास होतो?"

"शंका हाय," सर म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. मी घाईघाईनं मामींचं नाव सांगितलं. त्यांनी मोबाइल उघडला आणि परवाचा फोटो शोधला. "हो, उद्या यांचं सातवं आहे. रिपोर्ट मी पाहिलाय. फुटक्या पेशींची सूचना होती, पण हे काय लिहिलंय? 'नमुना प्रवासात खराब'. तुमच्याच लॅबचा शिक्का आहे ना? मी तुमच्या लॅबवर विश्वास ठेवला."

"थेच चुकलं तुमचं," सर म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा तापला. आता हे आम्हाला बाहेर घालवणार, आणि उद्या मामींना सातवं लागणार. मी उभा राहिलो. "सर, शिक्का मी मारला. न पाहता मारला. सवयीनं." एवढं बोलायला मला सेमाडोहच्या घाटापेक्षा जास्त वेळ लागला. "ती माझी मामी आहे. आणि चार-पाच दिवसांपासून तिला लघवी जवळजवळ होतच नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही."

सरांनी काचांचा डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उचलला. शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोप होता. ते गेले, सर मागे गेले, मी दारात. मग डॉक्टर विचारत होते, ही काच कुणी केली, कुठे केली, किती वेळात वाळली. आणि सर एकेक उत्तर देत होते. एवढा आनंदी माणूस मी त्या दवाखान्यात दुसरा पाहिला नाही. कुणीतरी त्यांना नीट प्रश्न विचारत होतं.

डॉक्टर बाहेर येऊनच फोनवर बोलू लागले. "मास्तर, उद्या नाही, आत्ताच निघा. हो, आजच. सातवं नाही लावणार. नाही, पेशीही लगेच चढवायच्या नाहीत, आधी मी पाहतो." पलीकडून मामा काय म्हणत होते ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं. डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेपर राहू द्या मास्तर. आधी विद्यार्थी वाचवू."

पेशी द्यायला तयार झालेले पाचही शिक्षक जीपमधून आलेच. पुन्हा तपासण्या झाल्या. गुर्द्यांचा आकडा महिन्यात भलताच चढला होता. संशय औषधावर पक्का झाला. ते औषध मामींना जन्मात पुन्हा द्यायचं नाही असं फाइलवर लाल अक्षरांत लिहिलं गेलं. बीपी आटोक्यात आणायचा, रक्त द्यायचं आणि वाट पाहायची. लघवी सुरू झाली तर गुर्दे वाचले. नाही तर डायलिसिस. आणि कॅन्सर? त्याचं नंतर पाहू, म्हणाले.

नंतर पाहिलंही. दुसरं औषध लागलं. मामी अडीच वर्षं जगल्या, त्यातली दोन स्वतःच्या पायांवर, अंगणात मिरच्या वाळवत आणि मामांच्या चुका काढत. शेवटी नेलं ते कॅन्सरनंच, गुर्द्यांनी नाही. सर आता निवृत्त होऊन अकोल्यालाच मुलीजवळ राहतात. सोसायटीच्या टाकीतलं पाणी रोज काचेवर घेऊन पाहतात आणि काही सापडत नाही म्हणून अस्वस्थ असतात, असं ऐकतो. मॅडमनी तो शिक्का त्याच आठवड्यात फेकला. कुठे फेकला ते मला सांगितलं नाही. मी पुन्हा उचलीन असं त्यांना वाटलं असावं. संशय संसर्गजन्य असतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो दवाखान्यातला नववा दिवस. आठ दिवस मामांचा रोज फोन यायचा आणि रोज एकच वाक्य. "नाई अजून." आठव्या दिवशी ते म्हणाले, "तुह्या सराले म्हना, माहे दोन पेपर गेले, आता बायको बी जाईन काय?" मी ते सरांना सांगितलं नाही. पण त्यांनी माझा चेहरा पाहिला. त्या दिवशी त्यांनी एकच काच चार वेळा रंगवली आणि जेवणाचा डबा तसाच घरी नेला.

नवव्या दिवशी सकाळी लॅब गच्च भरलेली. साखर तपासायला आलेले उपाशी लोक, रडणारी पोरं. फोन वाजला. हातात सुई होती, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"झाली!" मामा एवढ्यानं ओरडले की बॅटऱ्यांच्या दुकानातला माणूस वर आला. "बाबू, झाली रे! मामीले लघवी झाली!"

रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. एक जण म्हणाला, "अभिनंदन." सर आतून बाहेर आले. जांभळे हात तसेच, वर धरलेले.

"कोनाची?" त्यांनी फोनकडे वाकून विचारलं.

"कोनाची म्हंजे? माह्या बायकोची!"

"किती?"

"दीड लिटर! पुरी दीड लिटर, रात पासून आतापर्यंत."

"नर्सनं सांगतली असन."

"नर्सनं सांगतली होती," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मले भरोसा नाई वाटला सर. म्हून मी सोता मोजली. भांड्याच्या रेघेले डोया लावून. मंग पुन्हा मोजली. दोन्ही वखत तेवढीच. मंग तिले इचारलं, तुलेच झाली नं? तं थे हासून राह्यली."

सरांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. मी नऊ वर्षं ओळखत होतो त्यांना. प्रश्न येणार म्हणून मी वाट पाहत होतो, मामाही तिकडे वाट पाहत असावेत. तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं, जांभळ्या हातांनी डोळे पुसले, आणि पुढचे आठ दिवस सगळ्या अमरावतीला वाटत राहिलं की शंके सरांना कुणीतरी मारलं.